चाळणीखालचे बियाणे

दुष्काळाने मेलेल्या गावावर अहवाल लिहिले जातात. हे गाव सचोटीने मेले, म्हणून तिकडे कोणी फिरकले नाही.

साठ वर्षांपूर्वी बावीस कुटुंबांनी खडकाळ उतार फोडून वाटाणा पेरला. दाणा असा टपोरा आला, की दूरदूरचे शेतकरी बियाणे मागू लागले. गावाने नियम केला: चाळणीवर राहील ते गिऱ्हाइकाचे, खाली पडेल ते आपल्या शेताचे. त्या नियमावर पक्की घरे उभी राहिली, शाळा आली, गोदामाच्या भिंती मानपत्रांनी भरल्या. बारक्या दाण्यातून बारकाच दाणा निपजतो, हे त्या भिंतींसमोर बोलायचे कोणी? दाणा वर्षागणिक लहान होत गेला. गाव वर्षागणिक अधिक बारीक भोकांची चाळण आणत गेले.

आता चार घरे उरली आहेत. शाळेत कडबा साठवतात.

गोदाम सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या थोरल्या सुनेने मात्र सहा वर्षे परसात उलटा उद्योग केला. मोठा दाणा पेरायचा, बारका शिजवायचा. यंदा पोतेभर पूर्वीसारखा टपोरा वाटाणा जमला. तो शेतात उगवला, तर कारखान्यात राबणारा तिचा नवरा परतणार होता. नाहीतर तीही घराला कुलूप लावणार होती.

पेरणीच्या सकाळी सासऱ्याने तेच पोते काट्यावर चढवले. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती.

"मामंजी, ते शेतात जायचंय."

"सूनबाई, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय."

"लावा की त्याला वाटाण्याच्या अक्षता! पुढच्या वर्षी काय विकाल, मानपत्रं?"

"वहिनी, तीही वाळवीनं चाळून ठेवलीत," दीर म्हणाला.

व्यापाऱ्याने मूठभर दाणे ओंजळीत खेळवले. "झकास! पीठ चांगलं पडेल."

"पीठ?" सुनेचा आवाज चिरकला.

"मग? बियाण्याला तुमचा माल दहा वर्षांत कुणी नेलाय, ताई?"

सुनेने पोत्याचे तोंड घट्ट धरले. म्हाताऱ्याने तिची बोटे एकेक करून, अगदी हळुवार, सोडवली.

"कशाला का नेईना. हलकं दिलं, असं कुणी म्हणायला नको."

गाडी वळणाआड गेल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

"येऊ नका," ती म्हणाली. "खोली बघा. दोघांपुरती."