तारोडीच्या पिकअपचा पिवळा बंपर

रीमानं नीरजभाऊंना उडवलं ते रविवारी सकाळी, सिल्व्हर पार्कच्या वळणावर. म्हणजे खुद्द भाऊंना नाही, त्यांच्या बॅनरला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा तो बॅनर लोखंडी अँगलच्या चौकटीत ठोकून फूटपाथला लावला होता आणि भाऊंचा एक खांदा पार रस्त्यात आला होता. समोरून चुकीच्या बाजूनं रिक्षा आली, रीमानं पिकअप डावीकडे दाबली, आणि भाऊ हात जोडलेल्या अवस्थेतच बॉनेटवर आडवे झाले.

"डावीकडं कायतरी हाय," शेजारच्या सीटवरून लीलाधर म्हणाले. धडक होऊन गेली होती.

लीलाधर म्हणजे रीमाचे वडील. अर्धं आयुष्य होडीवर काढून त्यांनी ही पिकअप घेतली होती, आणि तारोडीहून मीरा रोडला मासळी वाहून वाहून म्हातारी केली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा स्टिअरिंग रीमाकडे आलं. गाडी मात्र लीलाधरच चालवायचे, शेजारी बसून, तोंडानं. रीमा कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या इंग्रजीतून ऐकायची, ती नोकरी सोडून आता सोसायट्यांमध्ये घरपोच मासे द्यायची आणि त्याच शिव्या लिफ्टला वास येतो म्हणून मराठी, हिंदी आणि गुजरातीतून ऐकायची. तिच्या मते ही बढतीच होती.

कोणाला लागलं नव्हतं. मागच्या बर्फातली पापलेटंही जागची हलली नव्हती. पण बंपर डाव्या बाजूनं आत वळून थेट चाकाला टेकला होता. ट्रॅफिक हवालदार आला, बॅनरकडे बघितलं, रीमाकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी हे साहेब रस्त्यातून उचला." मग रीमानं आणि त्या रिक्षावाल्यानं भाऊंना चौकटीसकट उचलून मागे बर्फाच्या पेट्यांवर टाकलं.

डावीकडे वळलं की टायर घासायचा. त्यामुळे त्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डरी रीमानं उजवीकडे वळून वळून पोचवल्या. जिथे डावीकडेच जायचं होतं तिथे तीनदा उजवीकडे वळून गेली. एका बाईंनी तिला गॅलरीतून दोनदा जाताना पाहिलं आणि फोन करून विचारलं, सुरमई द्यायची आहे की दाखवायची आहे.

दुपारी गाडी कशीबशी तारोडीला पोचली. आई, शांताबाई, अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. तिनं मागे पेट्यांवर हात जोडून झोपलेला माणूस पाहिला.

"मासं विकाया गेलेली का पुढारी आणाया?"

"गॅरेजला टाकते गाडी," रीमा म्हणाली.

"गॅरेज कशाला? चार बोल्टांचं काम हाय," लीलाधर म्हणाले.

हे वाक्य त्या घरात याआधी पाण्याच्या पंपाबद्दल आणि एकदा पंख्याबद्दल बोललं गेलं होतं. पंप अजून पडवीत पडला होता. पण रविवारी गॅरेज बंद होतं, त्यामुळे दोघं कामाला लागली.

रीमानं नंबर प्लेट उतरवली, दिव्यांच्या वायरी सोडवल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेनं बोल्ट आणि बंपर यांचा असा संसार झाला होता की कोण कुठे संपतं ते कळत नव्हतं. डिझेल ओतून ठेवलं, पान्याला पाईप अडकवून जोर लावला. पहिला सुटला. दुसरा अर्ध्यात तुटला, तोही सुटल्यातच जमा. तिसऱ्यानं रीमाच्या बोटांची सालं काढली. चौथ्याचं डोकं गोल होऊन गेलं होतं, पाना नुसताच फिरायचा.

"दोरी आण, होडीची," लीलाधर म्हणाले.

दोरीचं एक टोक बंपरला बांधलं, दुसरं समोरच्या माडाला. आता गाडी हळूच मागे घ्यायची, की बंपर माडापाशी राहील आणि गाडी मोकळी होईल. रीमा स्टिअरिंगवर बसली. लीलाधर मागे एका बाजूला जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले.

"येऊ दे. येऊ दे. मोकळं हाय, येऊ दे."

या 'येऊ दे'वर रीमा लहानपणी सायकल शिकली होती, मोठेपणी हीच गाडी शिकली होती. ते येऊ दे म्हणाले की ती आरशात बघायची नाही. आताही तिनं बघितलं नाही. दोरी ताणली, माड करकरला, एक झावळी खाली आली. तिनं आणखी थोडा ॲक्सिलरेटर दाबला. मग तोफेसारखा आवाज झाला, बंपर माडापाशी जाऊन पडला, आणि मोकळी झालेली पिकअप उडी मारून मागच्या मांडवात घुसली. एका बाजूचे बांबू मोडले आणि अंगणात बोंबलांचा पाऊस पडला.

शांताबाई काही बोलली नाही. ती बोलत नसली की शेजारचे आपापली दारं लावून घेत. तिनं केसातला एक बोंबील काढून टोपलीत ठेवला.

रीमा गाडीतून उतरली. "पप्पा, तुम्ही मोकळं आहे म्हणालात."

"मोकळंच व्हतं."

"मांडव इथे गेली दहा वर्षं आहे."

लीलाधरांनी मांडवाच्या दिशेनं पाहिलं. म्हणजे साधारण त्या दिशेनं. रीमा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

"माझ्या हातात काय आहे?"

त्यांनी थोडा विचार केला. "पाना."

रीमाचा हात रिकामा होता.

तिनं तो खाली घेतला. मग लीलाधर माडाच्या बुंध्याशी, पडलेल्या बंपरवर बसले.

"कधीपासून?" रीमानं विचारलं.

"आपरेशन झालं तवा झकास दिसत व्हतं. मग परत धुकं आलं. हळूहळू."

"आणि डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"परत कापतील. पहिल्यांदा काय व्हनार ते ठावं नव्हतं म्हणून गेलो. आता ठावं हाय."

रीमाला आधी राग आला. मग ती मनात मागचे दिवस मोजू लागली. वर्षभर हा माणूस शेजारी बसून तिला डावीकडं घे, ब्रेक मार, बस येतेय, असं सांगत होता, आणि ती कधी ऐकत, कधी भांडत गाडी चालवत होती. त्यांना बस दिसत नव्हती. आवाजावरून, सवयीवरून आणि बहुधा देवावर सोडून ते बोलत होते. तिला वाटायचं, त्यांचा आपल्यावर भरवसा नाही. आता लक्षात आलं की भरवसा नसता तर आंधळ्यासारखा तो माणूस रोज तिच्या शेजारी बसलाच नसता.

"आईला माहीत आहे?" तिनं हळूच विचारलं.

"तिला सांगू नको. तिला कळलं का गावाला कळतं."

"मला दिवाळीपासनं ठावं हाय," शांताबाई बोंबील वेचता वेचता म्हणाली. "शेजारच्या मंदाला शांते म्हणून हाक मारून च्या मागितला. दोनदा. दुसऱ्यांदा तिनं दिला पण."

"मग बोलली का नाहीस?" रीमा म्हणाली.

"मी म्हनलं, बघू किती दिवस चालतंय."

सोमवारी रीमा काशीमिऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे गेली. बंपर नसलेली पिकअप दात काढून ठेवलेल्या आजोबांसारखी दिसत होती. या मॉडेलचा बंपर मिळणार नाही असं भंगारवाल्यानं सांगितलं आणि मग ढिगाखालून एक पिवळाजर्द बंपर ओढून काढला. मोडीत निघालेल्या शाळेच्या गाडीचा. त्यावर काळ्या रंगात 'सावकाश, मुले' एवढंच उरलं होतं.

"ये फिट होगा क्या?" रीमानं विचारलं.

"मॅडम, ठोकने से सब फिट होता है."

फिट होत नव्हता. घरी आणून लावून पाहिला तर भोकं दोन बोटं बाहेर. मधे जोडायला लोखंडी पट्ट्या हव्या होत्या, भक्कम, एका मापाच्या. लीलाधर अंगणभर हात फिरवत हिंडले आणि त्यांचा हात भाऊंच्या चौकटीवर पडला.

"हा अँगल चांगला हाय," ते म्हणाले. "याच्यावर खर्च केलाय पोरानं."

बॅनरचं कापड शांताबाईनं आदल्या दिवशीच घेतलं होतं. मांडव मोडल्यावर उरलेले बोंबील वाळवायला काहीतरी हवंच होतं. ते अंगणात अंथरून तिनं वर बोंबील मांडले होते. रीमानं होड्यांची कामं करणाऱ्या सदूकडून कटर आणि ड्रिल मागून आणलं आणि चौकटीचे तुकडे केले. भोकं पाडली. पिवळा बंपर आता चौकटीच्या आधारानं बसत होता, पण जड इतका की एकीनं धरून दुसऱ्यानं बोल्ट लावणं शक्य नव्हतं.

नेमकी तेव्हा दारात मोठी पांढरी गाडी थांबली. पांढऱ्या कपड्यांतले नीरजभाऊ उतरले, मागून दोन कार्यकर्ते.

"माझा बॅनर कोणी पाडला?" भाऊंनी विचारलं.

"मी," रीमा म्हणाली. "तो रस्त्यात होता. परवानगी घेतली होती का?"

"कार्यकर्त्यांनी प्रेमानं लावला होता."

"मग प्रेमानंच पडला."

भाऊंची नजर अंगणात गेली. आपलाच चेहरा तिथे उन्हात पडलेला त्यांना दिसला. एका डोळ्यावर बोंबील, जोडलेल्या हातांवर बोंबील, कपाळाच्या टिळ्यावर मांजर झोपलेलं.

"हे काय आहे?"

"तूच हायस," शांताबाई म्हणाली. "बाजूला सर, सावली पडतेय. तू गोदूबाईचा निऱ्या ना? भाईंदरच्या बाजारात माज्या पाटीशेजारी बसायची तुजी आई. तुला टोपलीत निजवायची. माज्या कोलंबीवर किती वेळा मुतलास ते इचार तिला."

कार्यकर्त्यांपैकी एकानं तोंड फिरवलं. दुसऱ्यानं फिरवलं नाही, त्याला पुढचं ऐकायचं होतं. भाऊ कायद्याबद्दल काहीतरी बोलणार होते, इतक्यात गाडीखालून लीलाधरांचा आवाज आला.

"कोन आलाय? हात रिकामं असतील तर इकडं ये आनि धर."

समोर पोलीस असता तर भाऊ वाद घालू शकले असते. गाडीखालच्या म्हाताऱ्याच्या पायांशी कसा वाद घालणार? ते गेले आणि त्यांनी बंपरचं एक टोक धरलं. दुसरं कार्यकर्त्यांनी धरलं. रीमा आडवी होऊन गाडीखाली सरकली.

"बोल्ट मी लावते, पप्पा. तुम्ही फक्त माझ्या हातात द्या."

लीलाधरांनी हट्ट केला नाही. बोटांनी चाचपून एकेक बोल्ट, वॉशर, नट ते तिच्या हातात ठेवत गेले. नटाच्या आट्या खराब असतील तर अंगठ्याला कळायचं, मग ते दुसरा द्यायचे. वरून भाऊ विचारत होते, अजून किती वेळ. त्यांच्या पोटावर गंजाचा मोठा नकाशा उमटला होता. कार्यकर्त्यानं एका हातानं बंपर धरून दुसऱ्यानं फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला: 'कोळी बांधवांच्या वाहनदुरुस्तीसाठी भाऊ स्वतः मैदानात.' त्याला शांताबाईनंही अंगठा दिला. जाताना तिनं भाऊंना कागदात थोडे बोंबील बांधून दिले होते.

मंगळवारी रीमानं लीलाधरांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी शर्ट बदलायला फार वेळ लावला, मग चपला शोधायला लावला. शेवटी शांताबाईनं त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना सीटवर बसवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फळ्यावरची खालची ओळ वाचायला सांगितली.

"तुमीच वाचा," लीलाधर म्हणाले. "तुमी शिकलेल्या हाव."

बाईंनी तपासलं आणि सांगितलं की आत बसवलेल्या भिंगामागे पडदा धरलाय, पुष्कळांना होतं, लेझरनं साफ होईल, कापायचं काही नाही. मग यंत्रासमोर बसवून लगेच केलंही. लीलाधरांनी रीमाचा हात धरला तो खुर्चीतून उठेपर्यंत सोडला नाही. उठल्यावर म्हणाले की काहीच वाटलं नाही, उगाच तू घाबरत होतीस.

गुरुवारी ते पुन्हा मासळी घेऊन तिच्या शेजारी बसून निघाले. डोळ्यांत घातलेल्या औषधाचा अंमल उतरला होता, नजर लख्ख झाली होती. उत्तनचा रस्ता येईपर्यंत ते झाडं, पाट्या, शेळ्या असं सगळं मोठ्यानं वाचत होते. भाईंदरच्या गर्दीत रीमानं एक बस आणि एक टँकर यांच्या मधून पिकअप काढली. लीलाधर गप्प झाले. पुढच्या चौकात तिनं रिक्षांच्या पोटातून गाडी वळवली तेव्हा त्यांनी डॅशबोर्ड धरला.

"रीमा."

"काय पप्पा?"

"तू रोज अशीच चालवत व्हतीस?"

"हो. का?"

"न्हाय, काय न्हाय," लीलाधर म्हणाले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.