टॉवेलातलं पिल्लू

मी जनावरांचा डॉक्टर. रविवारी सकाळी टीव्हीवर दिसतो, म्हणून लोक मला मोठा डॉक्टर समजतात. माझा रानातल्या प्राण्यांचा कार्यक्रम लागला की सोमवारी दवाखान्यात खोकी येऊ लागतात. कुणी घुबडाचं पिल्लू आणतं, कुणी हरणाचं. "अनाथ आहे हो," म्हणतात, माझ्यासोबत फोटो काढतात आणि मोकळे होतात. आमचा कंपाउंडर कुरकुरतो, "तुम्ही तिकडे मिरवता आणि ही लेकरं माझ्या गळ्यात पडतात." मी हसण्यावारी नेतो.

त्या सोमवारी शाळा सुटल्यावर माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन आली. भाची एकही भाग चुकवत नाही. तिनं दप्तरातून टॉवेलची गुंडाळी काढली. आत रानसशाचं पिल्लू होतं, मुठीत मावेल एवढं.

"मामा, काल एकटंच होतं रे गवतात. मी त्याला चमच्यानं दूध पाजलं. तू पाजतोस ना, तसंच."

"कुणाचं ऐकेल तर शपथ," बहीण म्हणाली. "दादा, तुझ्यावरच गेलीय."

पिल्लाच्या नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा होता. स्टेथोस्कोप लावला तर आत घरघर. दूध फुप्फुसात गेलं होतं. ऑक्सिजन दिला, इंजेक्शन दिलं, गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलं. थोड्याच वेळात ते गेलं.

रानसशाची मादी दिवसा पिल्लाजवळ फिरकत नाही, तिच्या मागावर कोल्हा येऊ नये म्हणून. अंधार पडला की येते, पाजते आणि जाते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आदल्याच दिवशी लागलेल्या भागात मी असंच एक पिल्लू गवतातून उचललं होतं. शूटिंग झाल्यावर आम्ही ते जागच्या जागी परत ठेवलंही होतं. ते दृश्य रटाळ वाटतं म्हणून चॅनेलवाल्यांनी कापलं, तेव्हा मी मूग गिळून बसलो.

"याची आई मेली होती ना, मामा?" भाची मुसमुसत होती.

बहिणीनं मला डोळ्यांनीच खुणावलं, पोरीला दुखवू नकोस. मला तर ते सोयीचंच होतं. "हो गं बाळा," मी म्हणालो. "तू अगदी बरोबर केलंस."

तिनं डोळे पुसले. "मग दुसऱ्याला तरी वाचवू. तिथं अजून एक होतं, झुडपात शिरलं. माझ्या मैत्रिणी आत्ता तेच शोधायला गेल्यात."

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"थांब," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. त्याची आई काल अंधार पडल्यावर आली असणार. त्याला शोधत."

भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी मारलं त्याला?"

"नाही. तू माझं बघून केलंस. चूक माझी आहे."

तिनं टॉवेलचं टोक पिल्लावर ओढलं. मग म्हणाली, "आणि टीव्हीवरच्या पिल्लाची आई?"

"होती. लांब, बांधापलीकडे बसलेली आम्हाला दिसत होती."

"मग उचललंस कशाला?"

कंपाउंडर कपाट आवरायचं थांबला. बहीणही माझ्याकडे बघत होती.

"टीव्हीवर छान दिसतं म्हणून," मी म्हणालो.

ती रडली नाही, ओरडली नाही. दप्तर उचलून दाराकडे निघाली. "चल लवकर. त्यांना तूच सांग. माझं कुणी ऐकणार नाही. म्हणतील, तुझा मामा तर टीव्हीवर उचलतो."

बहिणीच्या गाडीत मी मागे बसलो. पोरींना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. भाचीनं पुढच्या सीटवरून वळून पाहिलं.

"मामा, सांगताना हसू नकोस हं. टीव्हीवर हसतोस तसं."