बैठक डावीकडे

मी एक जुनी टिनाची पाटी आहे, मित्रांनो. बाणाच्या आकाराची. माझ्यावर दोनच शब्द मावतात, त्यामुळे थोडक्यात सांगायची सवय आहे.

पहिला रंग : धान भरडाई

तिरोड्याच्या ईश्वरदास पेंटरने मला पत्र्यातून कापले, पिवळा रंग दिला आणि त्यावर काळ्या अक्षरांत हे दोन शब्द लिहिले. एका राइस मिलच्या मालकाने मला गावाबाहेर, जिथे वाटेला दोन फाटे फुटतात, तिथल्या लाकडी खांबाला तारेने बांधले. माझे टोक डावीकडे होते. धानाच्या बैलगाड्या, पुढे ट्रॅक्टर, माझ्याकडे पाहून वळत. पाटी ठसठशीत आहे, असे लोक म्हणत.

मग मिल बंद पडली. एका पावसाळ्यात वेल माझ्यावर चढला, उन्हाळ्यात वाळला. कोणी काढला नाही.

दुसरा रंग : बैठक

डावीकडे मिलच्या अलीकडे समाजमंदिर आहे. उजवीकडे मोहाच्या दारूची भट्टी. हे आधीच सांगायला हवे होते.

पंक्चरवाल्या उदारामची दारू सुटली होती. ज्यांना सोडायची आहे त्यांना तो दर गुरुवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बोलावू लागला. आपले सांगायचे, दुसऱ्याचे ऐकायचे, बाहेर काही न्यायचे नाही. पाटीवर 'दारूमुक्ती' लिहिले तर फाट्यावरच्या चहाटपरीसमोरून कोणी वळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने मला नव्याने रंगवून एकच शब्द लिहवून घेतला.

पण आमच्याकडे 'बैठक' म्हटले की चार मित्र आणि मधे बाटली, हेच डोळ्यांसमोर येते. शालिकराम मिस्त्रीने मला वाचले, खूश झाला आणि खिशात फुटाण्यांची पुडी टाकून डावीकडे गेला.

खोलीत त्या संध्याकाळी

(इथला माझा रंग उडाला आहे. आतले आतच राहते.)

फुटाण्यांची गोष्ट मात्र परत येताना शालिकरामनेच टपरीवर हसत हसत सांगितली. पुडी पाहून उदाराम एवढेच म्हणाला होता, "बैठकच आहे बापा. फक्त गिलास नाही." मग सगळ्यांनी फुटाणे चहाबरोबर खाल्ले. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

नंतर चोरखमारा गावाकडे कालव्याचे काम लागले, तिथे जुने सोबती भेटले, आणि शालिकराम माझ्याखालून उजवीकडे वळू लागला. एका सकाळी त्याची बायको रुक्माबाई पिशवी घेऊन इथे थांबली. तो तिच्या मागे मागे आला होता. ती भांडली नाही.

"मी बिरसीले भावाकडे चालली," ती म्हणाली. मग तिने आधी डावीकडे हात केला. "तुमी त्या बैठकीत जाल तं येईन." मग उजवीकडे. "या बैठकीत जाल तं नाही."

एसटी आली. ती गेली.

तिसरा रंग नाही, गंज आहे

माझी तार गंजून ढिली झाली. वारा आला की मी फिरू लागले. एका गुरुवारी माझे टोक उजवीकडे येऊन थांबले. 'बैठक', भट्टीच्या दिशेने.

त्या संध्याकाळी शालिकराम धुतलेला शर्ट घालून फाट्यावर आला. बऱ्याच दिवसांनी तो डावीकडे जायला निघाला असावा, कारण माझ्याकडे पाहून गोंधळला. टपरीवर बसलेला गोवर्धन म्हणाला, "जा ना मिस्त्री, आता तं पाटीच सांगून राहिली."

शालिकराम हसला. आणि उजवीकडे गेला.

मी काही केले नाही. पाट्या काही करत नाहीत.

त्या वाटेवरच्या बाभळीपर्यंत जाऊन तो थांबला. मग परत आला. "नवा मानूस आला तं?" तो गोवर्धनला म्हणाला. "मी पयल्यांदा बैठकीत याच पाटीनं गेलो होतो."

त्याने माझे टोक धरून मला डावीकडे फिरवले आणि सोडले. मी पुन्हा उजवीकडे. त्याने पुन्हा फिरवले. मी पुन्हा तिकडेच. शेवटी तो मला धरूनच उभा राहिला. टपरीवर खूप हशा झाला.

उदाराम सायकलवर आला. "काऊन शालिक, पाटी धरून कायले उभा आहेस?"

"सोडली का तिकडेच फिरते," शालिकराम म्हणाला.

उदाराम हसला नाही. त्याने सायकल खांबाला टेकवली, पिशवीतून जुन्या ट्यूबची पट्टी काढली आणि मला गच्च बांधले.

"आता हिले राहू दे," तो म्हणाला. "तू चल."

दोघे डावीकडे गेले.

शालिकरामची दारू कायमची सुटली का, असे तुम्ही विचाराल. मला फक्त कोण कुठे वळले एवढेच दिसते. तो गुरुवारी डावीकडे वळतो. काही महिन्यांनी रुक्माबाई एसटीतून उतरली तेव्हा आधी माझे टोक कुठे आहे ते तिने पाहिले, मग ती घराकडे गेली. माझा खांब आता शालिकरामने सिमेंटमध्ये बसवला आहे. रबर मात्र त्याने काढले नाही.

मित्रांनो, पाटीला स्वतःचे टोक वळवता येत नाही. एखाद्या फाट्यावर उलटी फिरलेली पाटी दिसली तर हसून पुढे जाऊ नका. सरळ करा. आणि सोडल्यावर ती पुन्हा फिरली, तर रबर घेऊन कोणी येईपर्यंत धरून ठेवा.