धर आणि ओढ
आमचे हे आणि माझे धाकटे दीर एकाच शेडमध्ये शेतीची जुनी यंत्रं दुरुस्त करायचे आणि महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. भाऊजींनी गिऱ्हाइकासमोर ह्यांचं वेल्डिंग शेण थापल्यासारखं आहे म्हटलं. बस्स. तेव्हापासून टपाल वाटायचं काम माझ्याकडे. खांद्याला खांदा लावून उभे असले तरी भाऊजी म्हणायचे, "वहिनी, दादाला सांग, हातोडी हवीय." आणि हे म्हणायचे, "त्याला सांग, पायाशीच पडलीय."

मी हसण्यावारी नेलंही असतं. पण भाऊजींनी रस्त्याच्या पार त्या टोकाला वेगळी शेड बघून ठेवली. हातातलं मळणीयंत्र झालं की ते जाणार, असं मला सांगितलं, ह्यांना नाही. ह्या दोघांनी दोन दुकानं मांडलेली मला बघायची नव्हती.

मळणीयंत्र कुणाच्या तरी गोठ्यामागे वर्षानुवर्षं पावसात पडलेलं. त्यातला एक लांब बोल्ट असा गंजला होता की काही केल्या जागचा हलेना. सकाळी दोघांनी त्याला तेल पाजलं, गॅसच्या ज्योतीनं शेकलं, हातोडीनं चहूबाजूंनी ठोकलं. मग पाने लावले. बोल्टचं डोकं ह्यांच्या बाजूला, नट भाऊजींच्या बाजूला आणि मध्ये यंत्राचं हे एवढं पत्र्याचं धूड. अशा वेळी एकानं घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं असतं, नाहीतर अख्खा बोल्ट जागच्या जागी फिरत बसतो.

"वहिनी, दादाला विचार, हलतोय का?"

"नाही म्हणावं. त्याच्याकडे?"

"माझ्याकडेही नाही."

पुन्हा तेल, पुन्हा ज्योत, पुन्हा ठोकाठोकी. मी ह्यांच्याकडे गेले तर हे हळूच म्हणाले, "खाल्लेलं जातं कुठं ह्याचं? जोरच लावत नाही." पलीकडे गेले तर भाऊजी कुजबुजले, "दादा थकला आता. पूर्वीसारखं जमत नाही त्याला." दोघांचेही चेहरे लालबुंद, दोघांचेही दात घट्ट आवळलेले.

जेवणानंतरही तेच सुरू झालं, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आता मी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. नट निघो नाहीतर न निघो, तुमचं तुम्ही बघा." आणि उलट्या खोक्यावर बसून बेअरिंगं पुसायला घेतली.

दोन बेअरिंगं पुसून झाली. मग धुडामागून भाऊजींचा आवाज आला.

"दादा, ओढ की आता."

"ओढू? मी तर धरलंय."

"तू धरलंयस? मग मी सकाळपासून काय केलंय?"

झालं होतं ते असं. आजवर नेहमी हेच "धर रे" म्हणून ओरडायचे आणि ओढायचे. तेव्हा भाऊजींनी सवयीनं मुकाट्यानं धरलं. ह्यांचा खांदा दुखत होता. ह्यांनी मनाशी ठरवलं, तो तरुण आहे, तो ओढेल, आपण धरू. आणि अर्धा दिवस दोघांनी तो बोल्ट अगदी इमानेइतबारे धरून ठेवला.

हे "धर" म्हणाले आणि ह्यांनी ओढलं. कर्रर्र झालं आणि बोल्ट सुटला. बिचारा सकाळीच मोकळा झाला असणार.

मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते दोघेही हसले. मग ह्यांचं हसणं मध्येच थांबलं.

"जाऊ नकोस रे," हे यंत्राआडूनच म्हणाले. म्हणजे ह्यांना माहीत होतं तर. "मला एकट्याला नाही जमायचं."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. तोंड उघडायचं नाही म्हणून मी बेअरिंग मुठीत आवळून बसले.

"त्या शेडवाल्याला संध्याकाळी नाही म्हणून सांगून येतो," शेवटी भाऊजी म्हणाले. "आता पुढचा बोल्ट. मी ओढतो, तू धर. आणि धरलंस की बोल, दादा."

"धरलं," हे म्हणाले.