वरची ओळ

थोरलीने पर्स टेबलावर आपटली आणि धाकटीकडे पाठ करून बसली. स्टुडिओत खुर्च्या तीनच होत्या आणि मधलीवर बटणराव बसायचे. त्यामुळे दोघींमध्ये वेगळी भिंत घालायची गरज नव्हती.

"बटणराव, तिला सांगा, यादीतलं चौथं गाणं मला मान्य नाही."

"अहो, ती इथेच बसलीय."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

धाकटी भिंतीकडे बघून म्हणाली, "ताईला सांगा, चौथ्यात ती दुसरं कडवं विसरली होती, ते लोकांना आवडतं. माणूस वाटते त्यात."

बटणरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. गेले एकोणीस दिवस हे असंच चाललं होतं. बिचाऱ्यांचं खरं नाव काय ते या दोघींनाही आठवत नव्हतं. पहिल्या कार्यक्रमापासून ते ध्वनिमुद्रणाच्या टेबलामागे बसत आले होते आणि बटणं फिरवता फिरवता त्यांचं बारसं झालं होतं.

बारा वर्षं या सख्ख्या बहिणी जोडीने गायल्या. पोस्टरवर नाव 'जोडगोळी'. तीनशे माणसांच्या सभागृहापासून आठ हजारांच्या मैदानापर्यंत पोचल्या, आणि वाटेत कुठेतरी एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या. गाड्या वेगळ्या, मेकअपच्या खोल्या वेगळ्या. आईच्या आजारपणात दवाखान्यात जायच्या वेळासुद्धा वेगळ्या. गेल्या वर्षी जोडगोळी अधिकृतपणे फुटली. कंपनीशी झालेल्या करारात एक शेवटचा अल्बम तेवढा उरला होता. तो प्रत्यक्ष कार्यक्रमांचा करायचा, बारा वर्षांतली चौदा गाणी निवडायची, आणि प्रत्येक गाण्यावर दोघींनी सही करायची. वेष्टनावर छापायचं वाक्यही ठरलं होतं: यात नंतर एकही सूर घातलेला नाही.

निवड म्हणजे कुत्र्यामांजराचं भांडण. थोरलीने काढलेल्या रेकॉर्डिंगमध्ये धाकटीला हमखास सर्दी झालेली असे. धाकटीने काढलेल्यात थोरली तालाच्या मागून धावत असे. बटणरावांनी प्रत्येक माइकचा ट्रॅक पहिल्यापासून वेगळा जपून ठेवला होता, त्यामुळे कोण कुठे घसरलं ते लपवायची सोय नव्हती. लोक आपल्या चांगल्या गोष्टी जपतात, या दोघींनी एकमेकींच्या चुका पाठ केल्या होत्या.

तेरा गाणी कशीबशी पार पडली. आज चौदावं होतं, 'निघताना'.

हे गाणं म्हणजे जोडगोळीचं नाक. शेवटी एक ओळ वर चढत जाते, वाद्यं थांबतात, मंचावरचे सगळे दिवे विझतात, एकच दिवा थोरलीवर पडतो आणि ती तो वरचा सूर धरून उभी राहते. लोक तिकीट काढायचे ते या एका ओळीसाठी. तीन आठवड्यांनी थोरलीचा पहिला एकटीचा कार्यक्रम होता, त्याच्या पोस्टरवर ती त्याच दिव्याखाली उभी होती आणि खाली मोठ्या अक्षरांत 'निघताना' लिहिलेलं होतं. आयोजकांनी स्पष्टच सांगितलं होतं, बाकी काहीही गा, पण ही ओळ हवी.

आणि ही ओळ थोरलीला सहा वर्षांपासून गाता येत नव्हती.

घशात गाठी आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, वरचे सूर विसरा. थोरलीने ते धाकटीला सांगितलं नाही. आनंदाने पेढे वाटले असते तिने. सांगितलं फक्त बटणरावांना. तिसऱ्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमधला तिच्याच आवाजातला तो तुकडा बटणरावांनी टेबलावरून वाजवायचा आणि तिने ओठ हलवायचे, असं ठरलं. चोरी म्हणावी तर आवाज तिचाच होता. स्वतःच्या घरात शिरायला कसली लाज, असं तिने स्वतःला समजावलं आणि सहा वर्षं टाळ्या घेतल्या. आता एकटीच्या कार्यक्रमात वाजवायला तिला तोच तुकडा पेन ड्राइव्हवर हवा होता.

"शेवटच्या वर्षाचं घ्या, मैदानातलं," ती म्हणाली. "आणि त्या ओळीत तिचा माइक बंद करा. काहीतरी गुणगुणत असते मागे, माझ्या सुरात माती कालवते."

बटणरावांचा हात बटणाकडे गेला आणि तसाच थांबला. "राहू दे ना. आहे तसं छान आहे."

"बंद करा म्हटलं ना!"

"ताई, नको," धाकटी म्हणाली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा ती थेट बोलली होती. थोरलीला वाटलं, झोंबलं बाईला. तिने स्वतःच हात लांब केला आणि धाकटीच्या माइकचं बटण दाबलं.

गाणं पुढे सरकलं. ओळ चढायला लागली आणि तिथेच आवाज गेला. म्हणजे अगदी गेला नाही. शेजारच्या घरातून कुणीतरी गात असावं तसा, प्रेक्षकांपुढच्या माइकमध्ये शिरलेला, लांबून येत राहिला. थोरलीच्या माइकमध्ये फक्त श्वास होता, आणि ओठ उघडल्या-मिटल्याचा चिकट आवाज. मग आठ हजार माणसं ओरडली.

"माझा तुकडा कुठाय?" तिने विचारलं. धाकटी ऐकतेय याचंही भान उरलं नाही.

बटणरावांनी बाकीचे सगळे माइक बंद केले आणि धाकटीचा एकटा चालू केला. ओळ स्वच्छ, पूर्ण वाजली. वरचा सूर आला आणि हलला नाही.

"पहिल्याच रात्री मशीन अडकलं," बटणराव टेबलाकडे बघत म्हणाले. "तुम्ही तोंड उघडून उभ्या, आणि आवाज नाही. ही मागे अंधारात होती. हिने सूर उचलला."

"आणि नंतर? मशीन दुरुस्त नाही झालं? सहा वर्षं?"

"झालं. पण तो तुकडा दर वेळी तस्साच वाजला असता. लोकांनी महिनाभरात पकडलं असतं. ही रोज नवं गात होती. मला म्हणाली, तिला सांगू नका."

थोरलीला तेव्हाच कळायला हवं होतं. कानातल्या यंत्रात तिला ती ओळ दर वेळी थोडी वेगळी ऐकू यायची. तिला वाटायचं, सभागृह वेगळं, घुमणं वेगळं. बहिणी-बहिणींचे आवाज मिळतेजुळते असतात हे खरं, पण आपलं कौतुक चालू असताना कोण कान देऊन ऐकतं? सहा वर्षं ती मुलाखतींमधून त्या सुराबद्दल बोलली होती. रियाज कसा करते तेही सांगितलं होतं.

ती गर्रकन वळली. "उपकार केलेस?"

"उपकार?" धाकटी हसली. "तुझा आवाज फाटला असता तर तुझ्याबरोबर मीही बुडाले असते. तुझ्यासाठी मी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलला नसता, ताई."

"मग सांगितलं का नाहीस? इतकी वर्षं मनात हसत होतीस ना माझ्यावर?"

"हो," धाकटी म्हणाली. "दर वेळी. तू दोन्ही हात पसरून टाळ्या घ्यायचीस ना, तेव्हा तर फारच."

थोरलीने ते निमूट ऐकलं, कारण उत्तर तिच्याकडे तयार होतं आणि ते कुठे लागेल हे तिला नेमकं ठाऊक होतं. या पोरीला शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ती ओळखत होती. सगळे बघतायत म्हटलं की हिचा गळा आवळायचा. जोडगोळीत हिला एकटीने गायचं एकही कडवं नव्हतं, ते थोरलीने हिसकावलं म्हणून नव्हे. हिनेच कधी मागितलं नाही.

"आणि दिवा तुझ्यावर असता तर?" तिने सावकाश विचारलं. "आला असता तो सूर? अंधारात कोणीही वाघ असतं गं."

धाकटीचं हसू गेलं. बटणराव उठून खिडकीपाशी गेले.

थोरलीचा फोन वाजला. आयोजक. रोज या वेळेला त्यांचा फोन येई. तिने घेतला आणि मुद्दाम स्पीकर लावला.

"मॅडम, 'निघताना' सुरुवातीला घेऊ की शेवटी? लोक विचारून विचारून वेड लावतायत."

आता एक खोटं बोललं की झालं असतं. घसा बसलाय, डॉक्टरांनी मना केलंय, काहीही. पण समोर ती बसली होती, सगळं माहीत असलेली, आणि पुढच्या प्रत्येक खोट्याला ती अशीच मनात हसणार होती. थोरलीला ते सहन होईना. इज्जत जायचीच आहे तर एकटीची कशाला, असं तिच्या मनात आलं.

"ते गाणं काढा," ती म्हणाली. "ती ओळ माझी नाही. सहा वर्षं मी नुसते ओठ हलवतेय."

आयोजक म्हणाले, "मग कोण गात होतं?"

धाकटी उभी राहिली होती. मान हलवत होती, जोरजोराने, लहानपणी इंजेक्शनच्या सुईसमोर हलवायची तशी. चेहरा पांढराफटक. नको, नको, असं ती नुसत्या ओठांनी म्हणत होती.

"धाकटी," थोरली म्हणाली. "तिलाच बोलवा. दिवा तिच्यावर टाका. इथेच आहे ती, बोला." आणि तिने फोन पुढे केला.

धाकटीने फोनकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. फोन घेताना तो तिच्या हातातून जवळजवळ निसटला. थोरली खुर्चीत मागे टेकून बसली. बारा वर्षांत तिने इतकं मन लावून धाकटीला कधी ऐकलं नव्हतं. आता अडखळेल, आता रडेल, आता फोन ठेवेल, याची ती वाट बघत होती.

"हॅलो," धाकटी म्हणाली. एक श्वास घेतला. "हो. मीच गात होते. कधी यायचं?"

आवाज अजिबात कापला नाही.