उचल वजा होईल

मी पगाराची नोटीस बोलतेय. दचकू नका हो! नोटीस म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं. कुणाला वाटतं घर खाली करायचंय, कुणाला वाटतं नोकरी गेली. मी त्यातली नव्हे. कामावर घेताना हातात देतात ना, ती मी. पगार किती, कधी मिळणार, त्यातून काय कापणार, जादा थांबलात तर दर काय, सगळं माझ्या अंगावर लिहिलेलं असतं. गुणाची आहे मी, पण वाचतंय कोण?

माझा जन्म एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत झाला. हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री, त्यामुळे हवा कायम दमट आणि मी जन्मापासून थोडी मऊच. आमचे मालक तसे चांगले, पण कागदाचं नाव काढलं की कपाळावर आठ्या. "तोंडानं सांगितलं की झालं! आपण काय परके आहोत?" शेवटी एकदा कामगार खात्याचे साहेब आले. म्हणाले, "कायदा आहे. प्रत्येकाला कळेल अशा भाषेत लेखी द्या. सही घ्या, एक प्रत त्याला द्या. आणि रिकामी जागा सोडू नका." साहेबांची पाठ वळल्यावर मालकांनी दोन बोटांनी टकटक करत आम्हाला टाइप केलं. जुन्या बायकांनी न वाचताच सह्या ठोकल्या. मी मात्र नव्या बाईच्या वाट्याला आले.

तिला सगळे वहिनीच म्हणत, कारण तिला तिथं आणलं होतं तिच्या नणंदेनं. वन्सं तिथल्या इस्त्रीवाल्या, मालकांच्या विश्वासातल्या. "माझी वहिनी कामाला वाघ आहे," असा शब्द देऊन बसलेल्या. वहिनी आधी एका बेकरीत होती. तिथं पगार तोंडी ठरलेला, आणि दर महिन्याला त्या तोंडातून वेगळाच आकडा निघायचा. दुधानं पोळलेली ती, ताकही फुंकूनच पिणार! मला घेऊन खिडकीशी गेली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. खरं सांगते, मी लाजले. इतकं निरखून मला कुणी बघितलंच नव्हतं.

'काम : उचल.' बरोबर. ओल्या चादरींचे गठ्ठे मशीनमधून काढून हातगाडीवर टाकायचे, त्या कामाला तिथं उचलच म्हणत. आणि खालची ओळ : 'उचल पगारातून वजा होईल.'

वहिनीनं ती परत वाचली. मग मला पिशवीत ठेवलं आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी राहिली. मशीन थांबलं. गठ्ठा आत तसाच. बाहेर हॉटेलची गाडी हॉर्न वाजवून कान किटवतेय.

"अहो, काढा ना गठ्ठा!" मालक धावत आले.

"नाही काढणार. उचललं की पगार कापणार, असं तुम्हीच लिहिलंय. वाघासारखं काम केलं तर महिनाअखेर मीच तुम्हाला पैसे द्यायचे की काय?"

वन्संचा चेहरा एवढासा झाला. "अगं वहिनी, कर ना सही! हातची नोकरी जाईल."

"जाऊ दे, वन्सं. न कळता हो म्हणून एकदा हात पोळलेत."

मालकांनी मला मागून घेतलं, वाचलं आणि पोट धरून हसायला लागले. "अहो बाई, ही उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे!"

"मग तसं लिहा की!"

लिहिलं त्यांनी. माझ्या अंगावर काट बसली, पण बाई गं, काय मोकळं वाटलं! तेवढ्यात वहिनीचं बोट खाली सरकलं. 'जादा कामाचा दर', आणि पुढं नुसते ठिपके.

"हे कोरं का?"

मालकांचं हसू आटलं. "ते मी तोंडी सांगेन."

"तोंड तुमचं, पण पोट माझं. लिहा."

साहेब आठवले असावेत. मालकांनी डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'नेहमीच्या दुप्पट.' वहिनीनं झोकात सही केली आणि गठ्ठ्याला हात घातला.

मला वाटलं, संपलं. पण वन्संनी इस्त्री उभी करून ठेवली. इतकी वर्षं मालकांनी "जरा थांबा हो, एवढ्या चादरी उरकू" म्हटलं की त्या थांबायच्या, आणि त्याबद्दल त्यांना चहा मिळायचा. त्याही खुशीनं प्यायच्या. आता आपली प्रत मालकांपुढं करून हळूच म्हणाल्या, "दादा, माझ्याही कागदावर ठिपकेच आहेत."

मालक खिडकीबाहेर बघू लागले. वन्संनी मात्र पुढं केलेला हात मागे घेतला नाही. मला त्यांचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! शेवटी मालकांनी पेन उघडलं. मग काय, बाकीच्याही आल्या आपापल्या प्रती घेऊन.

दुसऱ्या दिवशी सुटायच्या वेळी मालकांनी "जरा थांबा" म्हणायला तोंड उघडलं, चादरींच्या ढिगाकडे बघितलं, मनात काहीतरी गुणाकार केला, आणि म्हणाले, "निघा, निघा! चादरी काय पळून जातात?"

आता मी वहिनीच्या पिशवीत असते. घड्यांवर विरलेय, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलाय, पण अक्षरं ठणठणीत आहेत. तुमच्याही हाती माझी एखादी बहीण येईल. सही करायची घाई करू नका, बाबांनो. आधी तिला बोलू द्या.

आणि मालक 'निघा' म्हणाले त्या संध्याकाळचं सांगून तुमचा निरोप घेते. नणंद-भावजयींची घरं शेजारीशेजारी. दोघी ऊन असतानाच घरी पोचल्या. वन्संची लेक दारात बसून अभ्यास करत होती. आईला बघून ती घाबरून उठली आणि तिच्या कपाळाला हात लावून बघायला लागली.

"आई, ताप आलाय का गं तुला?"

"नाही गं बाळा," वन्सं म्हणाल्या, "आज काम वेळेवर सुटलं."