बाबांची स्वच्छ नोंद

अनंतराव तोंड मिटून चाललेत, असं चिंचवडात कुणी कधी पाहिलं नव्हतं. घरापासून मोरया गोसावींच्या मंदिरापर्यंतची वाट ती केवढीशी! पण पाय निघाले की त्यांच्या तोंडाचा पट्टाही सुटायचा. कंपनीतला कुठला साहेब कसा फजीत झाला, कुणाच्या शेतावर कुठली सोसायटी उभी राहिली, सगळं त्या वाटेवरच निघायचं.

पार्किन्सन जडला आणि पाय अडू लागले. दारात आले की ते जमिनीला चिकटल्यासारखे थांबत. डॉक्टर म्हणाले, "यांना बोलतं ठेवा. या आजारात आवाजही बारीक होत जातो." त्यांच्या मुलीने, ऋचाने, मान डोलावली. लक्ष सगळं पायांकडे.

असणारच. माण गावातल्या एका कंपनीत ती, माणूस चालताना त्याच्या मेंदूतल्या लहरी टिपणारी टोपी बनवत होती. खाटेवर निजवून मेंदू तपासणारे पुष्कळ. पण पाय अडतो तो चालताना. अडायच्या बेतात आला की टोपीने ते ओळखायचं आणि कानाशी ठोका द्यायचा, म्हणजे पाऊल उचलेल. बाबांसाठीच ती जिवाचं रान करत होती, यात खोटं काही नाही.

रोज संध्याकाळी टोपी चढवून बाप-लेक निघत. कोपरा येतो न येतो तोच अनंतराव सुरू.

"अगं ऋचा, हा समोरचा दवाखाना आहे ना, इथं पूर्वी…"

"बाबा, बोलू नका ना! जबडा हलला की त्याचाच गोंधळ टिपला जातो. मेंदूचं काही दिसतच नाही."

"बरं बाई, राहिलं."

दोन पावलांवर ते विसरत आणि ही पुन्हा चिडे, "गेलं आजचंही वाया!" शेवटी पोरीचं काम बिघडू नये म्हणून बिचारे खरंच गप्प चालू लागले. ओळखीचं कुणी भेटलं तर नुसता हात वर करत. लोकांना वाटलं, आजाराने माणूस तुसडा झाला.

वर्षभराने टोपी जमली. ठोक्यावर पाऊल उंबरा ओलांडू लागलं. कंपनीत सगळ्यांसमोर तिचे वरिष्ठ निमिष सर म्हणाले, "इतकी स्वच्छ नोंद! नैसर्गिक चाल म्हणतात ती हीच."

टाळ्या वाजल्या, पण ऋचाला तो शब्द खटकला. कसली नैसर्गिक? बाबा असे कधी चाललेच नव्हते. बाबांना मुकं करून तिने त्या मुकेपणाची नोंद घेतली होती.

त्या संध्याकाळी तिने टोपी घरीच ठेवली आणि बाबांचा हात धरला. "आज मशीन नाही. आज तुम्ही बोला, काहीही बोला."

अनंतरावांचा चेहरा खुलला. ओठ हलू लागले, पण बाहेर आली ती नुसती फुसफुस. अलीकडे ते चहासुद्धा खुणेनेच मागत. तिला वाटे, गप्प राहायची सवय लागली. तिने कान त्यांच्या तोंडाशी नेला. शेजारून दुचाकी गेली आणि होतं तेही बुडालं. बाबा मात्र रंगात आले होते. हातवारे करून काहीतरी लांबलचक सांगत होते, मध्येच हसत होते. ते हसले की तीही हसे. एक शब्द कळत नव्हता आणि तिच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

मग ते थांबले. भुवया उंचावून तिला काहीतरी विचारलं.

"हो ना, बाबा," ती घाईघाईने म्हणाली.

अनंतराव तिच्याकडे पाहत राहिले. या प्रश्नाचं उत्तर 'हो' असूच शकत नव्हतं, हे तिला त्यांच्या नजरेतच कळलं. त्यांनी तिच्या हातावर हलकेच थोपटलं, आणि मंदिर येईपर्यंत पुन्हा ओठ हलवले नाहीत.